रसना आणि शृंगार : मराठी समीक्षेचे एक मौन

मराठी समीक्षकाच्या लेखणीतून नित्य उतरणाऱ्या शब्दांची एक यादी केली, तर ती एखाद्या स्वयंपाकघरातून आल्यासारखी वाटते. रस, रसिक, रसाळ, आस्वाद, रुची, अभिरुची, गोडी, चर्वणा, परिपाक. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी तर काव्याचे द्राक्षापाक आणि नारिकेलपाक असे भेदच कल्पिले होते. एका काव्याचा गोडवा तोंडात घालताच कळतो, तर दुसऱ्याची करवंटी फोडावी लागते. इतके सारे शब्द जिभेकडून उसने घेणाऱ्या आपल्या समीक्षेने त्या जिभेविषयी मात्र फारसे काही लिहिलेले नाही. शृंगाररसावर आपल्याकडे प्रबंध झाले, लावणीतील नायिकाभेद मोजले गेले, संतांच्या मधुराभक्तीची चिकित्सा झाली. पण खाण्याचे सुख आणि देहसुख यांचा जो जुना, घट्ट संबंध मराठी वाङ्मयात पानोपानी दिसतो, तो आपण शोभेचा अलंकार समजून ओलांडून जातो. हा संबंध अलंकाराचा नसून अनुभवाच्या घडणीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि तो न वाचल्यामुळे काही महत्त्वाच्या कृती आपण अर्ध्याच वाचल्या आहेत.

या मौनाचे एक कारण सैद्धान्तिक आहे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावून देताना जेवणाचाच दाखला घेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न जेवताना जाणत्या माणसाला जो हर्ष होतो, त्याच जातीचा हर्ष नाट्य पाहणाऱ्याला होतो, असे त्याचे म्हणणे. अभिनवगुप्ताने त्या आस्वादाला अलौकिक ठरविले. ते ठरविताना त्याने ‘चर्वणा’ हा शब्द मात्र सोडला नाही, हे विसरता येत नाही. पुढे विद्यापीठीय मराठी समीक्षेवर पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्राचा संस्कार झाला. कांटने १७९० च्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांत भेद केला, तर हेगेलने रुची, गंध आणि स्पर्श यांना कलेच्या दाराबाहेरच उभे केले, कारण जे भोगताना संपून जाते त्याच्याविषयी तटस्थ राहता येत नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी या दोन्ही भूमिकांना सारखा न्याय दिला खरा, परंतु अध्यापनात आपण बहुतेक वेळा अलौकिकाचीच बाजू उचलली. परिणाम असा झाला, की ‘आस्वाद’ या शब्दातील ‘स्वाद’ आपल्या कानांना ऐकू येईनासा झाला.

बोलीला मात्र तो नेहमीच ऐकू येत आला. लंपट माणसाला मराठीने ‘आंबटशौकीन’ म्हटले. कामुक गोष्ट ‘चटकदार’ असते आणि लफड्याची बातमी ‘खमंग’. नजर ‘अधाशी’ असते, देह ‘भुकेलेला’ असतो आणि कोणाला पाहून कोणाच्या तोंडाला पाणी सुटते. यांपैकी एकही शब्द शयनगृहातला नाही. सर्वांत बोलका शब्द तर आपण नको इतक्या आदराने वापरतो, तो म्हणजे ‘लावण्य’. लवणाचा भाव ते लावण्य. सौंदर्याला खारटपणाचे नाव देणाऱ्यांना हे ठाऊक होते, की मीठ ताटात दिसत नाही, पण नसले तर सारे ताट ‘अळणी’ होते. रूप असते आणि लावण्य नसते असे चेहरे आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘लावणी’ची व्युत्पत्ती काही अभ्यासक लावण्याकडे नेतात, तर काही ‘लावणे’ या क्रियेकडे, म्हणजे शेतात रोप लावण्याकडे. वाद मिटण्याजोगा नाही. तथापि दोन्ही वाटा अखेर अन्नापाशीच पोचतात, ही गंमत नोंदवून ठेवायला हरकत नाही.

संतवाङ्मय याबाबतीत आपल्या समीक्षेपेक्षा पुष्कळ धीट आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव आपल्या मराठी बोलांची थोरवी सांगतात, तेव्हा त्या बोलांच्या रसाळपणाच्या लोभाने श्रोत्याच्या कानांनाच जिभा फुटतात अशी कल्पना करतात. मग बाकीची इंद्रियेही त्या शब्दांवर हक्क सांगू लागतात. श्रोत्यांना आवडावे म्हणून घातलेली ही कल्पनेची नक्षी आहे, असे वर्गात सांगून आपण पुढे जातो. पण हेच ज्ञानदेव दुसऱ्या अध्यायात, स्थितप्रज्ञाच्या प्रकरणात, काय सांगतात ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. गीतेतील मूळ श्लोक म्हणतो, की आहार तोडणाऱ्याचे विषय दूर होतात, पण रस उरतो. ज्ञानदेवांनी येथे ‘रस’ हा शब्द थेट जिभेला लावला. इतर इंद्रिये आवरली आणि रसना मोकळी ठेवली, तर वरवर पालवी खुडून मुळाला पाणी घातल्यासारखे होते; ते झाड कसे मरावे, असा त्यांचा प्रश्न आहे. म्हणजे त्यांच्या लेखी जीभ हे पाच इंद्रियांतले एक इंद्रिय नव्हे, ती सर्व विषयांची मुळी आहे. कामवासना ही तिची पालवी. आणि अशी मुळी जिने मानली, तीच प्रतिभा आपल्या ग्रंथाची गोडी सांगताना कानांना जिभा देते! भोगाचे जे मूळ म्हणून तोडायचे, तेच काव्याचे मूळ म्हणून शिंपायचे, हा ताण ज्ञानेश्वरीत आहे. तो सोडविण्याची घाई ज्ञानदेवांनी केलेली नाही. आपणही करू नये.

सतराव्या अध्यायातील आहारविचारही असाच पुन्हा वाचण्याजोगा आहे. सात्त्विक अन्न आकाराने लहान आणि परिणामाने थोर, गुरूच्या मुखातील अक्षरांसारखे, असे तेथे म्हटले आहे. पण राजस आहाराचे वर्णन करताना ज्ञानदेवांची वाणी जी तापते, जी झोंबते, तिच्यात केवळ निषेध आहे असे मानायला प्रस्तुत लेखक तयार नाही. तिखटाची चव न जाणणाऱ्याला असे लिहिता येणार नाही.

एकनाथांनी काशीत १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवतात हाच धागा कथेच्या रूपाने येतो. मूळ भागवताच्या अकराव्या स्कंधातील आठव्या अध्यायात अवधूत आपल्या चोवीस गुरूंपैकी काहींची कथा सांगतो. गळाला लावलेल्या आमिषाने मरणारा मासा हा जिभेचा धडा. रसना जिंकली की सारे जिंकले, असा त्याचा आशय. त्या माशाच्या पाठोपाठ, मध्ये दुसरे काहीही न येता, येते ती विदेहनगरीची पिंगला वेश्या, रात्रभर दारात गिऱ्हाइकाची वाट पाहणारी. गळ आणि दार, मासा आणि गणिका. हा शेजार योगायोगाचा नाही. दोघेही भुकेने बांधलेले. फरक इतकाच, की पिंगला आपल्या निराशेतून सुटते आणि मासा सुटत नाही.

संतांनी जे गंभीरपणे घेतले, ते नाटकाने हसण्यावारी नेले. संस्कृत नाटकातील विदूषक खादाड असतो, हे आपण सर्व जाणतो. तो खादाड का असतो, याचा विचार कमी झाला आहे. राजाची कामना उदात्त दिसायची तर तिच्यातील भूक कोणाच्या तरी पोटी घालावी लागते, आणि ती विदूषकाच्या पोटी घातली जाते. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात अंतःपुर सोडून आश्रमकन्येवर जीव जडलेल्या दुष्यंताला माधव्य म्हणतो, की खजूर खाऊन विटलेल्याला चिंचेची इच्छा व्हावी तसे हे झाले. सबंध नाटकात राजाच्या प्रेमाविषयी इतके उघडे सत्य दुसरे कोणी बोलत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये शाकुंतल मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हा हा विदूषकही आला आणि लाडूखाऊ भटजीच्या रूपाने दीर्घकाळ येथेच राहिला. श्रीपाद कृष्णांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’पासून पु. ल. देशपांड्यांच्या ‘माझे खाद्यजीवन’पर्यंत मराठीत अन्नाला जे मानाचे पान मिळाले, ते विनोदाच्या पंक्तीत. हे लेखन उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. पण खाण्याच्या सुखाला हसूच्या आडोशाने उभे केले, म्हणजे त्यातील देहाची बाजू कोणाला विचारावी लागत नाही, ही त्याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे.

आता आमच्या करवीर परिसराकडे वळतो. कोल्हापूरचे नाव अन्नाशी जोडले गेले आहे ते तांबड्या-पांढऱ्या रश्श्यामुळे, आणि हॉटेलांच्या पाट्यांनी त्याचे इतके भांडवल केले आहे की त्यावर नवे काही लिहिण्याची इच्छा होत नाही. अभ्यासकाने लक्ष द्यावे ते ‘फड’ या शब्दाकडे. या मुलखात उसाचा फड असतो, तमाशाचा फड असतो आणि कुस्तीचाही फड असतो. गोडी, शृंगार आणि बळ यांची तीन ठाणी, आणि तिन्हींना एकच नाव. उसाला तुरा येणे, फडाची राखण करणे, कोल्ह्याने ऊस खाणे ही लावणीतील रूपके याच भूमीत सहज उगवतात. ती कोणा शाहिराला मुद्दाम घडवावी लागत नाहीत.

यांपैकी कुस्तीच्या फडात अन्न आणि काम यांचे नाते सर्वांत विलक्षण रूपात दिसते. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान १९१२ मध्ये बांधून मल्लविद्येला जी प्रतिष्ठा दिली, ती गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, मटण, बदाम-खसखस घोटलेली थंडाई. असा भरपूर खाणारा हा तरुण ‘लंगोटाचा पक्का’ असला पाहिजे, ही त्याच तालमीची पहिली अट. वरवर पाहता हा विरोध वाटतो. आयुर्वेदाच्या धातुक्रमाकडे पाहिले की त्याची संगती लागते. खाल्लेल्या अन्नाचा पहिला धातू ‘रस’, मग रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि सातवा शुक्र. म्हणजे रसाचा प्रवास शृंगाराच्या उंबरठ्यापर्यंत होतो, आणि तालमीचे सारे शास्त्र त्या उंबरठ्यावर पहारा बसविण्याचे आहे. खुराक हवा, त्याचे फळ देहात मुरायला हवे, पण ते देहाबाहेर जाता कामा नये. साहित्यशास्त्रातील ‘रस’ आणि वैद्यकातील ‘रस’ यांचा येथे जो सांधा दिसतो, त्यावर आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी काम करायला हवे.

कागलच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’ (१९७८) लिहिली तेव्हा त्यांनी हाच सांधा उलट्या बाजूने उसवला. गुणा कागलकराचा कमावलेला देह तमाशाच्या फडात नाच्याचे सोंग घेतो. पुरुषार्थ साठविणारा देह दुसऱ्यांच्या भोगाचा विषय होतो, आणि गाव त्याला क्षमा करीत नाही. या कादंबरीवर लिहिताना आपण कलावंताची शोकांतिका पाहिली, जातीचा प्रश्न पाहिला. कमावलेला देह म्हणजे काय, तो कोणत्या अन्नाने आणि कोणत्या निग्रहाने कमावला जातो, हे न पाहता गुणाने नेमके काय गमावले ते सांगता येईल का?

याच नगरीत दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) भोगाचा प्रश्न केंद्रस्थानी आहे. त्या कादंबरीच्या बोधवादावर पुरेसे लिहून झाले आहे. मला तिच्यातील यती अधिक लक्षात राहतो. स्त्रीपासून दूर पळणारा हा तपस्वी कडू फळे मुद्दाम आवडीने खातो. गोडीला तो घाबरतो. खांडेकरांची दृष्टी नीतीची असली तरी त्यांच्या कलावंताला ठाऊक होते, की स्त्रीद्वेष आधी जिभेवर येतो.

स्त्रीचा विषय निघाला आहे, आणि माझ्या मते या चर्चेचा गाभाही तेथेच आहे. आपल्या समाजाने बाईला रांधण्याचे सर्व अधिकार दिले, वाढण्याचे दिले, खाण्याच्या सुखाचा उच्चार करण्याचा अधिकार मात्र दिला नाही. ती शेवटी जेवते, उरलेले जेवते. जात्यावरच्या ओव्यांत ती भावासाठी काय रांधले हे तपशिलाने सांगते, स्वतःला काय आवडते हे क्वचित. भुकेचा आणि कामनेचा उच्चार हे दोन्ही तिला एकाच तऱ्हेने वर्ज्य. अपवाद एकाच काळाचा, तो डोहाळ्यांचा. गर्भारपणी तिने मागावे आणि घराने पुरवावे. चिंच मागावी, कैरी मागावी, चांदण्यात जेवण मागावे, नावेत बसून मागावे. पहिल्यापासून नवव्या महिन्यापर्यंतचे डोहाळे गाणारी आपली गीते ही बाईच्या इच्छेची मराठीतील एकमेव मान्यताप्राप्त यादी आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तीही इच्छा तिची मानली जात नाही, पोटातल्या जिवाची मानली जाते, हा त्यातला खोडा. म्हणून तर वाटीखालचा पेढा की बर्फी याच्याकडे साऱ्यांचे डोळे, आणि तिच्या जिभेकडे कोणाचेच नाहीत.

‘डोहाळे’ हा शब्द ‘दोहद’वरून आला. दोन हृदयांची अवस्था असा त्याचा अर्थ सांगतात. संस्कृत कवींनी हाच शब्द वृक्षांना लावला: सुंदरीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलतो, तिच्या मुखातील मद्याच्या चुळीने बकुळ. गर्भिणीची वासना आणि प्रणयिनीचा स्पर्श यांना एकच नाव देणारी ही भाषा उगाच नाही. या बाबतीत सर्वांत सुंदर स्थळ रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात आहे. गर्भवती सुदक्षिणा माती खाते, आणि राजा दिलीप एकांतात तिच्या मुखाचा मृद्गंध हुंगतो; हुंगून त्याची तृप्ती होत नाही. पहिल्या पावसाने शिंपलेल्या वनतळ्याचा वास घेणाऱ्या हत्तीची उपमा तेथे येते. तिचे खाणे, त्याचे हुंगणे, मातीचा वास, येणारे मूल. यांतून अन्नसुख कोठे संपते आणि रतिसुख कोठे सुरू होते, ते कालिदासाने रेघ ओढून दाखविलेले नाही. आपण हा सर्ग शिकवताना ‘दोहदवर्णन’ असा मथळा देतो आणि पुढच्या श्लोकाकडे वळतो.

लग्नातील घास भरवण्याचा विधी आणि त्या वेळचा उखाणा हेही याच जातीचे. नवऱ्याचे नाव एरवी न घेणारी वधू ते घेते ती हातात घास धरून, चारचौघांत. तेवढ्यापुरते समाजाने दोन्ही लज्जा एकदम सैल केलेल्या असतात.

या संबंधाचा सर्वांत कठोर पुरावा मात्र निषेधाच्या बाजूने मिळतो. पांढरपेशा घरांतील विधवेला एकभुक्त ठेवले जाई, कांदा-लसूण वर्ज्य केले जाई, तांबूल वर्ज्य केले जाई. का? केशवपनाने रूप झाकता येते, पण अन्नाने चाळवणारी इच्छा झाकता येत नाही, अशी त्या व्यवस्थेची ठाम समजूत होती. विड्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. जेवणाची सांगता विड्याने होते आणि लावणीतील रंगमहालाचा आरंभही विड्यानेच. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त तर अन्न, पाणी, तांबूल, शय्या आणि स्त्री हे सर्व राजाच्या उपभोगांच्या एकाच मालिकेत गोवलेले आहेत. बाराव्या शतकातल्या राजाने जे भोगाच्या मालिकेत एकत्र मोजले, ते समाजाने विधवेच्या वर्ज्याच्या यादीतही एकत्रच मोजले. खाणे आणि काम यांचा संबंध नाही असे म्हणणाऱ्यांना या दुसऱ्या यादीचे उत्तर द्यावे लागेल.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. हा सारा विचार पोटभर जेवणाऱ्यांचा नाही काय? ज्यांच्या चुली पेटत नव्हत्या त्यांच्या वाङ्मयात रसनेचे आणि शृंगाराचे हे लाड कोठून यावेत? दलित आत्मकथनांनी मराठीला भुकेचे जे दर्शन घडविले, त्यानंतर ‘आस्वाद’ हा शब्द निष्पापपणे वापरता येत नाही, हे खरेच. ‘अक्करमाशी’त (१९८४) तर अन्न आणि देह यांचा संबंध उघड्या व्यवहाराचा आहे. पाटलाने ठेवलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या लेखकाच्या जन्मप्रश्नात आणि त्याच्या भाकरीच्या प्रश्नात अंतर नाही. एकाच वाड्याच्या दारात दोन्ही उभे आहेत. ढसाळांच्या ‘गोलपिठा’तही (१९७२) पोटाची आग आणि देहाचा बाजार एकमेकांपासून सोडवून वाचता येत नाहीत. तेव्हा अन्न आणि काम यांचे नाते सुखाचेच असते असा माझा दावा नाही. ते सत्तेचेही असते, आणि ते तसे असते तेव्हा अधिक काळजीपूर्वक वाचावे लागते.

पण या आक्षेपात एक धोकाही लपलेला आहे. गरिबाला भूक असते, चव नसते, असे आपण नकळत मान्य करून बसतो. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने या समजुतीला धक्का दिला. मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाविषयी लिहिताना त्यांनी केवळ वंचनेची नोंद केली नाही, पाककृतीही दिल्या. त्यात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, मारलेल्या जनावराच्या वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी नावे आहेत. इतकी नावे भुकेला लागत नाहीत. भुकेला एकच नाव पुरते. कोणता तुकडा कोणाला आवडतो, कोणता कोणासाठी राखून ठेवायचा, हे ज्यांना ठाऊक असते त्यांच्याच भाषेत अशी नावे पडतात. आत्मकथनांवरील आपल्या शेकडो लेखांत भाकरीच्या अभावाविषयी लिहिले गेले आहे. ती मिळाल्यावर खाणाऱ्याने डोळे मिटले की नाही, याविषयी जवळजवळ काहीही नाही.